वारस सज्ञान होतो तेव्हा

नाताळाआधीच्या चार रविवारांत गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातले चौथे वचन एकदाही निघाले नाही, असे मराठी मंडळ्यांत सहसा घडत नाही. काळ भरला तेव्हा देवाने आपल्या पुत्राला पाठवले, एवढाच त्याचा गाभा. त्यावरचा संदेशही आता बहुतेकांना पाठ झाला आहे. रोमन लोकांनी रस्ते बांधले होते, समुद्रावरच्या चाच्यांचा बंदोबस्त केला होता. ग्रीक भाषा सगळीकडे समजत होती. यहुद्यांची सभास्थाने शहरोशहरी उभी होती. औगुस्त कैसराने युद्धे थांबवली होती. शुभवर्तमान पसरायला जग असे तयार झाले आणि देवाने नेमकी वेळ साधली. बोदवडसारख्या तालुक्याच्या गावी ख्रिस्ती घरे मोजकी. मोठ्या उपासनेला माणसे भुसावळला जातात, तिथेही हेच ऐकतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात.

यातले खोटे काही नाही. रस्ते होते, गलबते होती, ग्रीकही होती. पण पौलाच्या पत्रात यातले एक अक्षर नाही. रस्त्यांचा हिशोब मागाहून, निकाल लागल्यावर मांडलेला आहे. तो फार ताणला की देव हा दळणवळण खात्याचा कुणी दूरदर्शी सचिव वाटू लागतो. शिवाय ज्या रस्त्यांवरून प्रेषित चालले त्याच रस्त्यांवरून रोमन पलटणीही चालल्या, आणि क्रूस हेही त्याच राज्यव्यवस्थेचे हत्यार होते, ही गोष्ट त्या संदेशात कुणी काढत नाही.

पौलाच्या डोळ्यांपुढे कोणते चित्र होते ते पाहायला तीन वचने मागे सरकले की पुरे. तिथे एक लहान वारस उभा आहे. सगळी मिळकत त्याची. पण तो वयात आलेला नाही, म्हणून त्याच्यावर पालक आहेत, मिळकतीवर कारभारी आहेत, आणि बापाने नेमलेला दिवस उजाडेपर्यंत त्या घरात त्याची आणि गुलामाची गत सारखीच.

खानदेशातल्या शेतकऱ्याला हे फोड करून सांगावे लागत नाही. खातेदार वारला आणि मागे दहा वर्षांचा मुलगा राहिला, की वारसनोंद होते, फेरफार मंजूर होतो आणि सातबाऱ्यावर त्या पोराचे नाव चढते. नावाला तीन अक्षरे चिकटतात : अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता. त्यापुढे आईचे किंवा चुलत्याचे नाव. महसुली भाषेत अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, अठरा पूर्ण न झालेला. शेत पोराचे, कागद तसेच सांगतो. पण कपाशीची गाडी जिनिंगवर गेली की पैसे मोजून घेणारा हात दुसऱ्याचा, पीककर्जाच्या कागदावर सही दुसऱ्याची, आणि जमीन विकायची वेळ आली तर पालनकर्त्यालाही कोर्टाची परवानगी काढावी लागते. सालदाराला निदान आपल्या सालाची रक्कम ठाऊक असते. हा मालक बांधावर उभा राहून आपल्याच शेतात दुसऱ्याने टाकलेली पाळी बघतो. पुढे अठरा पूर्ण झाले, वयाचा पुरावा जोडून अर्ज दिला, की शेरा कमी होतो. नाव तेच, गट नंबर तोच, क्षेत्र तेच. जातात ती तीन अक्षरे.

पौलाचे म्हणणे असे की नियमशास्त्र हे त्याच्या लोकांचे अ.पा.क. होते. त्याने ते वाईट म्हटलेले नाही. आधीच्या अध्यायात त्याने त्याला शाळेत ने-आण करणाऱ्या घरगड्याची जागा दिली आहे, आणि असा गडी मुलाचे भले पाहणाराच असतो. फक्त त्याची नेमणूक मुदतीची आहे.

इथवर चित्र आपल्या ओळखीचे. पुढे ते वेगळ्या वाटेने जाते. आपल्याकडे वय कायद्याने ठरलेले. रोमन कायद्यातही मुलगा साधारण चौदाव्या वर्षी पालकाच्या हाताखालून सुटे आणि पुढे पंचविशीपर्यंत व्यवहारावर दुसऱ्याची नजर राही. पौल हे आकडे बाजूला ठेवतो. त्याच्या वाक्यात दिवस ठरवणारा एकटा बाप आहे. वारस शहाणा झाला, जबाबदार झाला, त्याने दोन हंगाम नीट करून दाखवले, असा शब्दही तिथे नाही. मग चौथ्या वचनातला तो भरलेला काळ जगाच्या तयारीचा कसा असेल? जग तयार नव्हतेच. बापाने ठरवले, म्हणून पोर सज्ञान झाले. रस्त्यांचा संदेश आणि पौलाचे वचन यांत माझ्या मते हा मूळ फरक आहे. संदेशात देव जगाची योग्यता पाहून येतो. वचनात तो अयोग्य वारसाला मिळकत देऊन टाकतो.

टीकाकार इथे एक खुसपट काढतात. बाप हयात आहे की वारला? हयात असेल तर पालक कशाला, आणि वारला असेल तर ही उपमा देवाला लावायची कशी? खुसपट रास्त आहे. पण पौल उपमेची घडी जपणाऱ्यांतला लेखक नाही. काम झाले की तो ती तिथेच टाकून पुढे निघतो, आणि हे पत्र तर रागात लिहिलेले आहे. इतर बहुतेक पत्रांच्या आरंभी तो मंडळीबद्दल देवाचे आभार मानतो. गलतीकरांना त्याने तेवढेही दिलेले नाही.

दुसरी शंका जास्त खोल आहे. एवढा उशीर का? तिसऱ्या शतकात पोर्फिरी या तत्त्वज्ञाने ती ख्रिस्ती लोकांच्या तोंडावर फेकली : तुमचा तारणारा आत्ता आला, तर आधीच्या असंख्य माणसांचे काय? ऑगस्टीनने एका लांबलचक पत्रात उत्तर दिले की खुणा आणि विधी बदलत गेले तरी तारण आरंभापासून चालूच होते. उत्तर विद्वत्तेचे आहे. मला त्यापेक्षा मराठीतले एक उत्तर जवळचे वाटते, कारण ते युक्तिवादाने दिलेले नाही, रचनेने दिले आहे. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने आपले पुराण १६१६ मध्ये रायतूरच्या छापखान्यात छापले. आपण त्याला ख्रिस्तपुराण म्हणतो. त्याने पोर्तुगीजमध्ये दिलेले नाव आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्यावरचे विवेचन, अशा अर्थाचे आहे. आणि या येण्याच्या ग्रंथात तो किती वेळ येतच नाही! पहिले पुराण छत्तीस अध्यायांचे, चार हजारांवर ओव्यांचे. उत्पत्ती, पतन, जलप्रलय, अब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे. तारणाऱ्याचा जन्म त्यानंतरच्या दुसऱ्या पुराणात. सासष्टीतल्या ज्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी हे लिहिले त्यांना स्टीफन्सने उशिराची कारणे नुसती सांगितली असती तर ती विसरली गेली असती. त्याने त्यांना ओवी-ओवीने थांबायला लावले. कान थकावेत इतके थांबून मग जन्म ऐकणे वेगळे, आणि नाताळाच्या संदेशात दहा मिनिटांत सगळे उरकणे वेगळे.

इथे जरा वाकडी वाट करून एक बोलून घेतो, कारण आमच्या तालुक्यात ते टाळता येत नाही. कुठल्याही रखडलेल्या कामाला देवाची वेळ म्हणायची सवय आपल्याला लागली आहे. पूर्णेच्या पुराचे पाणी उचलून या कोरडवाहू पट्ट्याला द्यायची उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षे ऐकत माणसे म्हातारी झाली. त्या उशिराला कारणे आहेत, आणि ती फायलींत, निधीत, निवडणुकांत सापडतात. पौलाचा बाप दिवस ठरवतो आणि त्या दिवशी मिळकत देतो. दिवस न ठरवणाऱ्याच्या पदरात हे वचन घालणे म्हणजे वचनाचा गैरवापर आहे.

आता खुद्द चौथे वचन. पाचव्यासकट ते एकच वाक्य आहे आणि त्याची बांधणी हळूहळू पाहण्यासारखी आहे. देव पुत्राला पाठवतो, हे मुख्य क्रियापद. त्याला लगेच दोन लहान तुकडे जोडलेले : स्त्रीच्या पोटी जन्मलेला, नियमशास्त्राखाली जन्मलेला. मग दोन हेतू : नियमशास्त्राखालच्यांना सोडवावे, आणि आपल्याला पुत्रपण मिळावे. वाक्य वरून खाली उतरते आणि पुन्हा वर चढते. सगळ्यांत खालची पायरी कोणती? नियमशास्त्राखाली. तेच शब्द पौल लगोलग पुन्हा वापरतो, एकदा पुत्राबद्दल आणि एकदा लोकांबद्दल. ज्याला पालकाची गरज नव्हती त्याने आपल्या नावापुढे अ.पा.क. लावून घेतले, आणि तसे करून ज्यांच्या नावापुढे ते होते त्यांचा शेरा काढला. रस्ते आणि गलबते यांच्या मानाने ही वेळ फार वेगळ्या जातीची आहे. इथे काळाचा मालक रांगेत येऊन उभा राहिला आहे.

आणि स्त्रीच्या पोटी. मागचा तुकडा काळ भरण्याचा आणि लगेच पुढचा तुकडा आईचा, हे शेजारपण मला योगायोगाचे वाटत नाही. बाळंतिणीचे दिवस भरतात तसा हा काळ भरला आहे. ते घाईने भरता येत नाहीत, आणि भरल्यावर थोपवताही येत नाहीत. याच अध्यायात पुढे एकोणिसाव्या वचनात पौल स्वतःला बाळंतवेणा होत असल्याचे सांगतो, गलतीकरांत ख्रिस्ताची घडण पुरी होईपर्यंत. अविवाहित राहिलेल्या या रांगड्या माणसाच्या मनात हे पत्र लिहिताना प्रसूती घोळत होती, एवढे नक्की.

पौल ज्या दोन तुकड्यांत जन्म उरकतो, त्यांचा विस्तार लूकाच्या दुसऱ्या अध्यायात सापडतो. कैसराच्या हुकुमाने नावनोंदणी निघते आणि गरोदर बाईला नासरेथहून बेथलेहेमला जावे लागते. सरकारी कामासाठी कोणत्या अवस्थेतल्या माणसाला ताटकळत ठेवावे याला तेव्हाही धरबंध नव्हता. तिथे तिचे दिवस भरतात. पुढे आठ दिवस भरतात आणि बाळाची सुंता होते, नाव ठेवतात. मग शुद्धीकरणाचे दिवस भरतात. मुलगा झाला तर ते चाळीस, म्हणजे आपल्या सव्वा महिन्याच्या आसपासच. दिवस भरल्याचा हा उल्लेख लूक थोड्याशा ओळींत तीनदा करतो. मंदिरात अर्पण काय, तर होल्यांची किंवा पारव्यांची जोडी. कोकरू परवडत नसेल त्याच्यासाठी नियमशास्त्राने ठेवलेली सवलत. स्त्रीच्या पोटी आणि नियमशास्त्राखाली म्हणजे काय, ते त्या दोन पाखरांत दिसते.

वाक्याच्या शेवटी पौल उपमा मोडतो. आरंभी ज्याचा जन्मसिद्ध हक्क होता तो वारस, शेवटी येईतो दत्तक झाला आहे. गुलामाला सोडवले आणि मग दत्तक घेतले, अशी ती चाल आहे. दत्तकाचे वजन रोमन जगात केवढे होते हे गलतीकरांना सांगायला नको होते. जूलियस कैसराने मृत्युपत्रात भाचीच्या अठरा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले होते. तो पुढे औगुस्त झाला.

सहाव्या वचनात पाठवणे पुन्हा येते, तेच क्रियापद घेऊन. आधी पुत्र पाठवला, आता पुत्राचा आत्मा, आणि तो पोचतो अंतःकरणात. तिथे तो हाक मारतो : अब्बा. अरामी भाषेतली ही घरगुती हाक पौलाने ग्रीक पत्रातही तशीच ठेवली, आणि आमच्या बायबलांतही ती तशीच आहे. बोदवडच्या मुसलमान मोहल्ल्यातून जाताना दारात खेळणाऱ्या पोराच्या तोंडी ती ऐकू येते तेव्हा हे वचन आठवतेच. शेरा निघाल्यावर वारसाने पहिले काम काय केले? सातबारा पाहिला नाही, बापाला हाक मारली.

या चार वचनांतली सर्वनामे कशी सरकतात ते बोट ठेवून पाहावे. पाचव्यात आपण, सहाव्यात तुम्ही, आणि सातव्यात एकदम तू. तू आता गुलाम नाहीस, पुत्र आहेस आणि पुत्र म्हणून वारस आहेस, असा सूर. सगळ्या मंडळीला लिहिलेले पत्र इथे एका माणसाकडे वळते. बेथलेहेमला जो काळ भरला तो सगळ्यांसाठी एकदाच भरला, पण माणसागणिक त्याची तारीख निराळी. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाचेक वर्षांनी, स्वतः विचार करून, स्वतःच्या पायांनी. नवऱ्याचा दिवस बायकोला चालला नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ती मधली वर्षे किती ओढाताणीची होती ते ठाऊक आहे.

आता गलतिया. हा प्रांत आजच्या तुर्कस्तानात, अंकारा हे त्याचे मुख्य ठाणे. अंकाऱ्यात रोम आणि औगुस्त यांचे मंदिर अजून अर्धेमुर्धे उभे आहे आणि त्याच्या भिंतींवर औगुस्ताने स्वतःच सांगितलेली आपल्या पराक्रमांची यादी कोरलेली आहे. पौल ज्या पिसिदियातल्या अंत्युखियास गेला होता तिथेही त्या यादीचे तुकडे सापडले. शेजारच्या आशिया प्रांताने तर इ.स.पू. ९ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. नवे वर्ष औगुस्ताच्या वाढदिवसापासून, २३ सप्टेंबरपासून, सुरू करायचा ठराव झाला. प्रिएने इथे मिळालेल्या शिलालेखात तो ठराव वाचता येतो. दैवाने मानवजातीच्या भल्यासाठी हा तारणारा पाठवला, त्याचा जन्मदिवस ही जगासाठी सुवार्तेची सुरुवात, असा त्यातला भाव आहे. अचूक वेळी आलेल्या तारणाऱ्याची गोष्ट त्या मुलखात आधीच दगडावर कोरलेली होती, तीही तारखेसकट.

त्या दगडाशेजारी पौलाचे वचन ठेवले की त्याचा धीटपणा दिसतो. कैसराच्या तारणाऱ्याला वाढदिवस आहे, पंचांग आहे, मंदिर आहे. पौलाच्या तारणाऱ्याला तारीखच नाही. आईचेही नाव नाही, नुसती एक स्त्री. काळ भरला एवढे तो ठामपणे सांगतो आणि साल सांगायच्या भरीस पडत नाही. ते काम पाच शतकांनी दियोनिसियस या भिक्षूने केले आणि गणितात चार-सहा वर्षांनी चुकला. हेरोद राजा इ.स.पू. ४ मध्ये वारला असे बहुतेक इतिहासकार धरतात, आणि मत्तयाप्रमाणे येशू त्याच्या हयातीतच जन्मला. म्हणजे आपण रोज ज्या सनावर सह्या करतो तो मुळातच सरकलेला आहे. मला यात श्रद्धेला धक्का लागण्यासारखे काही दिसत नाही. पौलाला तारीख नकोच होती.

नको होती, हे दहाव्या वचनात उघड होते. तिथवर आपले संदेश जातच नाहीत. मिळकत हाती आलेल्या गलतीकरांना कुणीतरी पटवले होते की एवढ्याने भागत नाही, सुंता करून घ्या, सण पाळा. पौल विचारतो, मोकळे झाल्यावर पुन्हा त्या दुबळ्या गोष्टींच्या हाताखाली कसे चाललात? आणि त्या गोष्टींत तो काय मोजतो? दिवस, महिने, ऋतू, वर्षे. काळ भरल्याची घोषणा करून सहा वचने होत नाहीत तोच कालगणनेत अडकलेल्यांवर तो चिडलेला आहे. अकराव्या वचनात तर तो म्हणतो की तुमच्यासाठी केलेले कष्ट फुकट गेले की काय अशी त्याला भीती वाटते. सज्ञान झालेला वारस तलाठ्याकडे जाऊन माझा शेरा परत लावा म्हणतो आहे, असे ते दृश्य आहे.

आम्ही ख्रिस्ती लोक हे वचन पंचांग पाहणाऱ्या शेजाऱ्याकडे बोट दाखवून वाचू लागलो तर ते चुकेल. ज्यांना हे पत्र गेले ते बाप्तिस्मा घेतलेले लोक होते. लग्नाची तारीख काढताना, घराची वास्तू बसवताना, परीक्षेच्या सकाळी आपल्या घरांत काय काय चालते ते आपल्याला ठाऊक आहे. नाताळाचेही आपण तेच केले आहे. काळ भरल्याचे वचन आपण डिसेंबरात बांधून ठेवले. जूनमध्ये, पेरणीच्या ऐन घाईत, त्यावर कुणी बोलल्याचे मी ऐकलेले नाही.

तेव्हा पाळकांना एक विनंती आहे. या वर्षी हे वचन घ्याल तेव्हा शास्त्रपाठ चौथ्या वचनावर थांबवू नका. पहिल्यापासून सुरू करा आणि अकराव्यापर्यंत वाचा. मोठ्याने वाचले तरी दोन मिनिटे लागत नाहीत.